हात वर करा

गेल्या महिन्यात आमच्या तात्यांना दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला. त्यावर लिहिलंय ३५ टक्के. सवलती लागू होतात ४० टक्क्यांपासून, म्हणजे तो कागद घडी घालून ट्रंकेत ठेवण्यापलीकडे कशाच्याच कामाचा नाही. चुलतभावाने फोनवर हे सांगितलं तेव्हा तो चांगलाच चिडला होता, पण डॉक्टरांवर नव्हे, तात्यांवर. "अरे, डॉक्टर म्हणाले, हात वर करा, दुखेल तिथं थांबा. आणि ह्यांनी काय करावं? सरळ कानाला लावला! कपाळावर घाम, ओठ दाताखाली, पण हात वर." मागून तात्यांचा आवाज आला, "पस्तीस टक्के गेलंय म्हंजी पासष्ट टक्के गाडी अजून चालू हाय की." मी हसलो. आम्ही तिघंही हसलो. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात भांडी विसळताना मात्र माझा स्वतःचाच उजवा हात दोन-तीनदा वर गेला, कानापर्यंत, विनाकारण.

तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ऐन पंचविशीपर्यंत जत्रेच्या फडात लांग बांधून उतरायचे. नाव झालं ते पाच-पन्नास गावांपुरतं. पुढे खुराक परवडेना तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात हमालीला लागले आणि तीस वर्षं हळदीची पोती त्याच खांद्यावरून वाहिली. मी लहान असताना ते घरी यायचे तेव्हा आधी वास यायचा, मग माणूस. हळदीचा तो कोरडा, नाकात बसणारा वास. बनियन पिवळा, मानेच्या घड्या पिवळ्या, कानांच्या मोडलेल्या पाकळ्यांमध्येसुद्धा पिवळी पूड. आई म्हणायची, भावजींना रोजचीच हळद लागलीय. आता तो उजवा खांदा आतून झिजलाय. रात्री कुशीवर वळता येत नाही. आणि तरी डॉक्टरपुढे हात वर.

त्या रात्री मला डग्लस क्लार्क आठवला, शंभर वर्षांपूर्वीचा इंग्लंडातला कोळसेवाला, रग्बीपटू आणि पैलवान.

त्याच्या कागदावर ९५ टक्के होतं.

मी राहतो ते गाव हडर्सफील्ड. उत्तर इंग्लंडातलं, यॉर्कशरमधलं, कधीकाळी लोकरीच्या गिरण्यांनी भरलेलं. नोकरी लीड्सला, पण घरभाडं इथं कमी, म्हणून इथं. पहिली दोन-तीन वर्षं गावाकडे मान वर करून बघितलंच नाही. स्टेशनातून बाहेर आलं की चौकात हॅरल्ड विल्सन ह्या जुन्या पंतप्रधानाचा पुतळा, बाजूला बरीच वर्षं कुलूप लागलेलं जुनं जॉर्ज हॉटेल, आणि त्यावरून वाहणारा पाऊस, एवढंच माझं हडर्सफील्ड. त्या हॉटेलात काय घडलं ते मला ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, तेही थोडं रागावून. ह्या गावात राहून रग्बी लीगची, म्हणजे रग्बीतून फुटून निघालेल्या दुसऱ्या रग्बीची, जन्मकथा ठाऊक नसणं म्हणजे पंढरपुरात खोली घेऊन वारी कधी असते हे विचारण्यासारखं.

ती कथा मला पहिल्याच झटक्यात आपली वाटली, कारण ती खाड्याची कथा आहे. शनिवारी सामना असायचा, आणि शनिवार हा गिरणीत, खाणीत, गोदीत कामाचा दिवस. सामना लांबच्या गावी असला की सकाळची पाळी बुडायची, मजुरी कापली जायची. उत्तरेकडच्या क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की बुडालेल्या वेळेचे पैसे खेळाडूला द्यावेत. बक्षीस नव्हे, पगार नव्हे, खाड्याची भरपाई. १८९३ साली रग्बी युनियन ह्या मूळ संघटनेच्या लंडनच्या सभेत हा ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. खेळ हा निखळ हौसेचा असावा, पैशाने तो विटाळतो, असं दक्षिणेतल्या सभ्य गृहस्थांचं मत. हौस ज्यांना परवडत होती त्यांचं हे मत असणार हे उघड आहे. मग २९ ऑगस्ट १८९५ ला जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांच्या संघटनेचं नाव नॉर्दर्न युनियन. रग्बी लीग हे नाव १९२२ चं.

मला ह्यातली गंमत पुढे कळली. १८९८ ला नॉर्दर्न युनियनने उघडपणे पैसे द्यायला परवानगी दिली खरी, पण अट घातली की खेळाडूला दुसरा खराखुरा कामधंदा हवा. आणि खराखुरा म्हणजे काय, तेही त्यांनीच ठरवलं. दारूच्या गुत्त्यातली नोकरी कामात धरायची नाही. म्हणजे ज्यांनी सभ्य गृहस्थांशी भांडून संसार वेगळा थाटला, त्यांनीही आपल्या घरात कष्टकऱ्यांवर एक लहानसा मुकादम नेमलाच. माणसाच्या अंगातली ताकद विकत घेताना सोबत त्याच्या चालचलणुकीचा दाखलाही मागायचा, ही खोड कुठल्या एका देशाची नाही.

क्लार्क जन्मला तो ह्या फाटाफुटीच्या चार वर्षं आधी, १८९१ ला, कंबरलंडमध्ये मेरीपोर्ट बंदराजवळच्या एलनबरो ह्या वस्तीत. कोळशाचा मुलूख. वडिलांचा धंदाही कोळशाचा, आणि शाळा सुटल्यावर पोरगाही त्यातच. तिकडे कोळशाचं पोतं हंड्रेडवेटचं असे, म्हणजे आपल्या हिशेबाने एक्कावन्न किलोच्या आसपास. गाडीवरून पाठीवर घ्यायचं, घराच्या मागच्या बोळातून न्यायचं, कोठीत ओतायचं, रिकामं पोतं झटकायचं, पुढचं दार. मी हा आकडा तात्यांना सांगितला होता एकदा. ते म्हणाले, "आमच्या वक्ताला शंभर किलोचं पोतं असायचं. पर तेंच्यात जिनं असतील, आन् थंडी." हमाल दुसऱ्या हमालाच्या ओझ्याला कमी लेखत नाही हे मला तेव्हा कळलं.

कोळसा वाहून झालेल्या पाठीचं, मानेचं, मांड्यांचं काय करायचं? कंबरलंडमध्ये त्याला दोन वाटा होत्या, कुस्ती आणि रग्बी. क्लार्कने दोन्ही धरल्या. मेरीपोर्टच्या ब्रुकलंड रोव्हर्सकडून खेळता खेळता १९०९ ला, अठराव्या वर्षी, हडर्सफील्डने त्याला उचललं. तोवर खेळ बदलून गेला होता. १९०६ पासून पंधराऐवजी तेरा जण, आणि पकडलेल्या माणसाने उभं राहून टाचेने चेंडू मागे सारायचा असा नवा नियम. मैदान मोकळं झालं, पळणाऱ्यांचे दिवस आले. पण फॉरवर्ड्सचं, म्हणजे पुढे भिडणाऱ्या धिप्पाड गड्यांचं, काम तेच राहिलं. पूर्वी आठ-नऊ जण मिळून करायचे ते आता सहा जणांनी करायचं एवढाच फरक.

ते काम म्हणजे स्क्रम. टीव्हीवरचा आजचा रग्बी लीगचा स्क्रम बघून काही कळणार नाही, तो आता नुसता उपचार उरलाय, लग्नात मामाने आंतरपाट धरावा तसा. त्या काळचा स्क्रम डोळ्यांपुढे आणायचा तर असा. सहा माणसं एकमेकांच्या काखेत हात घालून वाकतात. पुढे तिघं, त्यांच्या मागे दोघं, शेवटी एक. समोर तशीच सहा. मग डोकी एकमेकांच्या डोक्यांमधल्या फटीत घुसतात, कान कानावर घासतो, आणि मागून सगळा भार येतो. मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो, कातडी चेंडू, पाऊस पिऊन दगडासारखा झालेला. आत अंधार. तोंडासमोर दुसऱ्याचा श्वास, त्याला घामाचा, चिखलाचा आणि आदल्या रात्रीच्या बिअरचा वास. बाहेरच्या हजारो लोकांना फक्त वाफाळणाऱ्या पाठी दिसतात. कोण खरा रेटतोय आणि कोण नुसता टेकलाय, हे आतल्या बारा जणांनाच ठाऊक. सामन्यात असे कितीतरी स्क्रम. चेंडू निघाला की तो मागच्या देखण्या पोरांकडे जातो, ती धावतात, टाळ्या घेतात. फॉरवर्ड उठतो, कान चाचपतो, आणि पुढच्या स्क्रमकडे चालायला लागतो.

कान मोडतात ते इथं. पैलवानाचे मातीत मोडतात, फॉरवर्डचे स्क्रममध्ये.

हडर्सफील्डच्या त्या संघाला पुढे लोक 'सर्वगुणी संघ' म्हणू लागले. कप्तान हॅरल्ड वॅगस्टाफ. विंगेवर ऑस्ट्रेलियाहून आलेला अल्बर्ट रोझनफेल्ड, ज्याने १९१३-१४ च्या एका मोसमात ८० ट्राय केल्या. ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन टेकवणं. शंभराहून जास्त वर्षं झाली, तो आकडा कुणाला ओलांडता आलेला नाही. १९१४-१५ ला त्या संघाने असतील नसतील ते चारही करंडक घरी आणले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सवर ३७-३, लीग विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात लीड्सवर ३५-२. हे आकडे मी इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून पाढ्यासारखे ऐकलेत. मला स्वतःला करंडकांच्या याद्यांत फारसा रस नाही. पण रोझनफेल्डच्या त्या ८० ट्राय मोजताना मला नेहमी वाटतं की प्रत्येकीच्या अलीकडे एक अंधारा बोगदा आहे आणि त्यात क्लार्क, ग्रोनाव, लाँगस्टाफ वाकून उभे आहेत. फ्रेड लाँगस्टाफ तर १९१६ ला सोमच्या लढाईत गेला.

आता सिडनी. ह्यासाठीच तर मला क्लार्क आठवला होता.

१९१४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, नॉर्दर्न युनियनचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. पहिली कसोटी २७ जूनला, ती पाहुण्यांनी जिंकली. दुसरी लगेच सोमवारी, २९ जूनला, ती यजमानांनी. तिसरी खरं तर पुढे, मेलबर्नला व्हायची होती. पण एक-एक बरोबरी, लोक वेडे झालेले, तिकीटखिडकीवर रांगा. यजमानांनी ठरवलं, ४ जुलैला सिडनीतच होऊन जाऊ दे. आठ दिवसांत तीन कसोट्या. पाहुण्यांचे अर्धे लोक जायबंदी. त्यांनी तक्रार केली, तर इंग्लंडातल्या कचेरीतून तार आली. इंग्लंडची अपेक्षा आहे की प्रत्येक जण आपलं कर्तव्य बजावील. शब्द ट्रॅफल्गरच्या आरमारी लढाईतल्या नेल्सनचे, उसने. तार पाठवणारे खुर्चीवर बसलेले, वाचणारे पायाला पट्ट्या बांधत असलेले. आपल्याकडे सामना नव्हता, पण अशा तारा आपल्याही ओळखीच्या आहेत.

खेळाडू बदलायची सोय तेव्हा नव्हती. जो पडला तो पडला, त्याची जागा रिकामी. आधी फ्रँक विल्यम्सचा पाय मुरगळून गेला. क्लार्कच्या अंगठ्याचं हाड मोडलं. तो बाहेर गेला, अंगठा बांधून घेतला, आत आला, आणि पुन्हा स्क्रममध्ये वाकला. मोडक्या अंगठ्याने दुसऱ्याच्या काखेतला सदरा मुठीत धरायचा म्हणजे काय, हे मी कधीतरी बोटाला प्लास्टर असताना दाराची कडी उघडून बघितलंय. मध्यंतराला पाहुणे पुढे. उत्तरार्धात चेंडू घेऊन घुसताना क्लार्क समोरच्यावर आदळला आणि गळपट्टीचं हाड गेलं. खांदा बांधला. तो परत यायला निघाला. जमेना. पुन्हा निघाला. मग मात्र त्याला बाहेर नेलं, आणि तेवीस वर्षांचा हा कोळसेवाला रडत गेला. पाठोपाठ बिली हॉल डोक्याला मार बसून आडवा. तेरातले दहा उरले, आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्या दहांनी मैदान धरून ठेवलं. त्यातच विंगेवर उभं केलेल्या चिक जॉन्सन नावाच्या फॉरवर्डने चेंडू पायाने फुटबॉलसारखा ढकलत नेऊन ट्राय केली. शेवटी हॉल भानावर येऊन परतला. निकाल १४-६, पाहुण्यांकडून.

ह्या सामन्याला रॉर्क्स ड्रिफ्टची कसोटी म्हणतात. १८७९ ला आफ्रिकेत, झुलूंच्या देशाच्या सीमेवर मूठभर इंग्रज सैनिकांनी एक ठाणं लढवलं, त्यावरून. इंग्रजी वाचकाची ह्या नावाने छाती फुगते. माझी फुगत नाही, कारण त्या गोष्टीत मी आपसूक झुलूंच्या बाजूला उभा असतो. पण ते नाव बाजूला ठेवलं तरी रडत जाणारा क्लार्क उरतोच, आणि तो मला सोडत नाही. हाडाच्या दुखण्याने तो रडला नसणार. वाकायचं, रेटायचं, आत असायचं, एवढी एकच गोष्ट अंगाला येते, आणि नेमकी तीच आता हे अंग ऐकत नाही. तात्यांना मी कधी रडताना बघितलं नाही. पण यार्डातलं काम सुटलं त्या वर्षी ते रोज पहाटे चारला उठून, अंघोळ करून, ओसरीवर बसून राहायचे. काकू म्हणायच्या, झोपा की. ते म्हणायचे, आता गाडी लागली असंल यार्डात.

त्या कसोटीनंतर बरोबर एक महिन्याने, ४ ऑगस्टला, ब्रिटन युद्धात उतरलं.

क्लार्क आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेला, मोटार विभागात. काही काळ लंडनजवळ ग्रोव्ह पार्कच्या तळावर होता, वॅगस्टाफ, ग्रोनाव, रोझनफेल्ड हे सगळे तिथेच. आणि तिथे काय झालं? ज्या रग्बी युनियनने नॉर्दर्न युनियनच्या माणसांना जन्माचं वाळीत टाकलं होतं, तिने युद्धापुरता विटाळ सैल केला. फौजेच्या गणवेशात असलात तर आमच्यासोबत खेळा. मरायला एकत्र चालत होते म्हटल्यावर खेळायला चालेनात कसे? युद्ध संपलं आणि सोवळं पुन्हा कडक झालं.

पुढे फ्रान्स आणि बेल्जियम. कोळशाच्या गाडीऐवजी लॉरी, पोत्यांऐवजी तोफगोळे. माल उचलायचा, न्यायचा, उतरवायचा, परत फिरायचं. काम तेच, रस्ता वेगळा. १९१७ च्या पाशनडेलच्या चिखलात तो जखमी झाला, विषारी वायू छातीत गेला. शौर्याबद्दल मिलिटरी मेडल मिळालं. आणि फौजेतून सुटताना हातात कागद, अपंगत्व ९५ टक्के. त्याने युद्धात लिहिलेली रोजनिशी लंडनच्या युद्ध संग्रहालयात आहे. दिवसभर गोळे वाहून रात्री दोन ओळी लिहिणारा हमाल ही कल्पनाच मला फार जवळची वाटते. तात्याही डायरी लिहायचे, बँकेच्या फुकट मिळालेल्या डायरीत. तारीख, पोत्यांची संख्या, हमाली. क्वचित एखाद्या दिवशी एकच शब्द, 'पाऊस'.

९५ टक्के. मी त्या आकड्याकडे खूप वेळ बघत बसलो होतो. कुणीतरी डॉक्टर असणार, टेबल असणार, लाकडी स्टूल असणार. श्वास आत घ्या, सोडा, पुन्हा घ्या. आणि मग लेखणी घेऊन त्याने त्या देहाची वजाबाकी केली असणार, शंभरातून पाच उरले. माझ्या चुलतभावाने ते ऐकून लगेच विचारलं, "मग पेन्शन किती बसली असंल?" तो व्यवहारी आहे, त्याचं चूक नाही. तात्यांचा प्रश्न वेगळा होता. "पाच टक्क्यात काय काय करतंय म्हनं त्ये?"

सांगतो ना काय काय केलं. १९१९-२० च्या मोसमात तो पुन्हा हडर्सफील्डच्या स्क्रममध्ये होता. १९२० ला पुन्हा ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निवडला गेला, युद्धानंतरच्या पहिल्याच. त्या वर्षी हडर्सफील्ड पुन्हा चारही करंडकांच्या दारात होतं, पण लीगच्या अंतिम सामन्याच्या वेळी त्यांचे पाच मोहरे दौऱ्यासाठी बाहेर, त्यात वॅगस्टाफ, ग्रोनाव आणि क्लार्क. हल संघाने ३-२ ने सामना घेतला. इथले लोक तो अजून उगाळतात. क्लार्कच्या ब्रिटनकडून ११ कसोट्या झाल्या, पहिली १९११ ला, शेवटची १९२० ला, मध्ये सहा वर्षांचं भगदाड. क्लबसाठी तो १९२० चं दशक बरंचसं खेळत राहिला. छातीत वायू घेऊन. कोळशाचा धंदा चालूच.

आणि कुस्ती. ती तर त्याने कधीच सोडली नाही.

त्याच्या मुलखातली कुस्ती बघायला मी एका ऑगस्टमध्ये ग्रासमियरला गेलो होतो. चहूकडे हिरवे डोंगर, मध्ये गवताचं मैदान, ढग इतके खाली की हात लावावा. आखाडा नाही, माती नाही, हलगी नाही. दोन गडी येतात, अंगात पांढरी घट्ट बंडी, पायात तसाच पांढरा पायजमा आणि वरून मखमलीची चड्डी, तिच्यावर रंगीत रेशमाची फुलं विणलेली. सगळ्यात देखण्या पोशाखालाही बक्षीस असतं. मग दोघं एकमेकांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवतात, एक हात वरून, एक काखेखालून, आणि समोरच्याच्या पाठीमागे स्वतःच्या बोटांत बोटं अडकवतात. ती पकड सुटली की हार. तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग गवताला लागला की हार. दोघं एकदमच पडले आणि आधी कोण हे सांगता आलं नाही तर तिला कुत्र्याची पाडी म्हणतात, ती परत धरायची. कितीतरी वेळ नुसते उभे, छातीला छाती, जणू फलाटावर निरोप घेताहेत. मी तिथूनच तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. "ही काय भरतभेट चाललीया व्हय?" पहिली प्रतिक्रिया ही. मग ते गप्प झाले, फोन डोळ्यांजवळ नेला. "थांब. डाव्यावर भार टाकतंय त्ये. आत्ता टांग लावणार." आणि दोनच श्वासांत त्या पोराने आतून पाय अडकवून समोरच्याला उताणा केला. तात्या इकडे एवढ्या मोठ्याने ओरडले की माझ्या शेजारच्या बाईंनी वळून बघितलं.

ह्याच पकडीत क्लार्क वाढला, आणि अशाच मैदानांत त्याने बक्षिसं घेतली. म्हणजे मोडलेल्या गळपट्टीवर आयुष्यभर कुणाची ना कुणाची हनुवटी टेकलेली. पुढे १९३० नंतर ब्रिटनमध्ये तिकीट लावून 'ऑल-इन' कुस्त्या सुरू झाल्या, धुरकट सभागृहांत, चार दोरांच्या आत. त्यात अर्धा खेळ आणि अर्धा तमाशा असे, आणि आज विजेता कोण हे बऱ्याचदा जाहिरात छापणाऱ्यावर ठरे. चाळिशीतला क्लार्क त्यातलंही मोठं नाव होता. मला ते फारसं आवडत नाही, खरं सांगायचं तर. ग्रासमियरच्या गवतावरचा माणूस त्या दिव्यांखाली उभा राहू नये असं वाटतं. पण असं वाटणं म्हणजे मीसुद्धा लंडनच्या त्या सभेत हात वर करून २८३ वं मत देण्यासारखंच. निखळ राहा, पैसे घेऊ नका. तात्यांनी एक वर्ष नुरा कुस्त्या केल्या होत्या, ठरवून सोडवायच्या. दोन्ही गड्यांना मानधन. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच वर्षी माझ्या वडिलांची इंजिनिअरिंगची फी भरली गेली होती, त्याबद्दलही नाही.

क्लार्क १९५१ च्या फेब्रुवारीत गेला, साठी गाठायला तीन महिने कमी. तो ज्या फारटाऊन मैदानावर खेळायचा तिथले स्टँड गेले, क्लब नव्वदीच्या सुरुवातीलाच तिथून हलला. गवत मात्र आहे. दाखल्याचा फोन आला त्या आठवड्यातल्या शनिवारी मी तिकडे चालत गेलो. एक माणूस कुत्र्याला चेंडू फेकत होता. खेळपट्टीच्या मधोमध उभं राहिलो तर बुटात पाणी शिरलं. काय बघायला आलो होतो, माहीत नाही. थोडा वेळ वाकून उभा राहिलो, गुडघ्यांवर हात ठेवून. कुत्रा माझ्याकडे बघत थांबला, तसा सरळ झालो आणि बस पकडली.

परवा चुलतभावाचा पुन्हा फोन. फेरतपासणीचा अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. ह्यावेळी तात्यांना नीट शिकवून न्यायचं, असं त्याचं म्हणणं. "तू सांग, तुझं ऐकतात." व्हिडिओ चालू केला. तात्या चटईवर बसले होते, मागे भांड्यांची फळी. मी म्हटलं, "तात्या, खोटं काही सांगायचं नाही. फक्त दुखलं की तिथंच थांबायचं. एवढंच."

"कळतंय रं मला."

"मग दाखवा बघू."

तात्यांनी उजवा हात उचलला. छातीपर्यंत आला, खांद्याच्या रेषेला लागला, आणि तिथे थांबला. चेहरा आक्रसला. चुलतभाऊ म्हणाला, "हां! बास. इथंच थांबायचं." तात्यांनी त्या अधांतरी हाताकडे बघितलं, जरा लाजल्यासारखं. मग म्हणाले, "ह्ये बघ, ही बरणी कवापास्नं काढायची ऱ्हायलीया," आणि गुडघ्यावर उठून, दात आवळून, त्याच हाताने फळीवरची लोणच्याची बरणी खाली काढली.

चुलतभावाने फोन चटईवर ठेवून दिला. मला नुसतं छत दिसत राहिलं, आणि बरणीचं झाकण फिरवल्याचा आवाज येत राहिला.